झडीत 28 किलोमीटर पळायचं असेल तर

मागच्या ऑगस्टमध्ये साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या पठारावर मी फक्त सात मिनिटं थांबले होते. मैत्रीण मागं राहिली होती, म्हटलं येऊ दे तिला. घाट चढून आल्यामुळं अंगातून वाफा निघत होत्या. ती पोचेपर्यंत माझे दात वाजायला लागले, आणि कंबरपट्ट्यातली चिक्की काढायला गेले तर बोटांना चेनच धरता येईना. दिवसभर सुईत दोरा ओवणारी बोटं ही! शेवटी तिनं दातानं पाकीट फोडून चिक्की माझ्या तोंडात घातली आणि आम्ही दुधाच्या टेम्पोतून खाली आलो.

पळताना पाऊस काही करत नाही, थांबल्यावर करतो. पळणारं शरीर स्वतःची ऊब तयार करत असतं. थांबलात की ती बरीच कमी होते, पण ओलं कापड आणि वारा आपलं काम चालूच ठेवतात. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट जलद उष्णता ओढून नेतं. त्यामुळं थर्मामीटरवर 18-20 अंश असले तरी माणूस गारठू शकतो. डिसेंबर-जानेवारीत मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर पळायचे तर लाँग रनचे, म्हणजे सरावातल्या लांब पळण्याचे, रविवार पावसातच येणार, त्याला इलाज नाही. पण जिथं थांबायची वेळ येईल तिथं कोरडे कपडे हाताशी ठेवणं आपल्या हातात आहे.

म्हणून झड लागली की मी घाट सोडते. कासच्या रस्त्यावर धुकं उतरलं की वळणापलीकडचं काही दिसत नाही, त्यात फुलांचा हंगाम सुरू झाला की रविवारी पर्यटकांच्या गाड्या. मी गावातच फेरे मारते. पोवई नाक्यावरून राजपथानं वर राजवाडा, आणि कर्मवीर पथानं खाली परत. थोडं इकडंतिकडं वळून माझ्या घड्याळात चार किलोमीटर भरतात. सात फेरे झाले की 28. कंटाळवाणं आहे, मान्य. पण माझं शिलाईचं दुकान मोती चौकाजवळ आहे, शटरच्या आत कोरड्या कपड्यांची पिशवी टांगलेली असते आणि मी तिच्यापासून कधीच दोन-अडीच किलोमीटरपेक्षा लांब नसते. तुमचं दुकान नसेल तर मावशीचं घर, ओळखीचा चहावाला, उभी केलेली गाडी, काहीही चालेल. वारा पश्चिमेचा असतो, म्हणजे राजवाड्याकडं जाताना चढ आणि वारा दोन्ही तोंडावर. तिथं घड्याळाकडं बघूच नका, बोलता येईल इतपत पळा. एक बरं असतं, कुत्री दुकानांच्या पायऱ्यांवर मुटकुळं करून पडलेली असतात, अंगावर येत नाहीत.

आता कपडे, हा माझा प्रांत. घरच्या काट्यावर मी एकदा मोजून बघितलं होतं. सुती टी-शर्ट कोरडा 160 ग्रॅम, भिजवून पिळल्यावर 390. पॉलिस्टरचा कोरडा 120, पिळल्यावर 180. सुती कापड पाणी धरून अंगाला चिकटून बसतं, तेव्हा ते घरी ठेवा. पूर्ण प्लॅस्टिकचा रेनकोटही नको, आत घामानं तेवढंच भिजायला होतं. फार वारा असेल तर कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीला डोक्यासाठी एक आणि हातांसाठी दोन भोकं पाडून बंडीसारखी घाला. हात आणि खालची बाजू मोकळी राहते, पोट-छाती वाऱ्यापासून वाचते, आणि नकोशी झाली की घडी करून पट्ट्यात. रस्त्यात टाकू नका. वरून उजळ रंगाचं काहीतरी आणि मागं लुकलुकणारा लाल दिवा. पुढं पट्टी असलेली टोपी हवीच, नाहीतर 28 किलोमीटर डोळे मिचकावत जातात.

शिवणी हा खरा शत्रू. कोरड्यात जी शिवण कळतही नाही ती ओल्यात दहाव्या किलोमीटरला करवतीसारखी लागते. टी-शर्ट उलटा करून काखेतली शिवण गालावर घासून बघा. गालाला टोचली तर काखेला सोलणारच. मी तर सरळ टी-शर्ट उलटा घालून पळते, शिवणी बाहेर. लोक सांगतात, ‘ताई, उलटा घातलाय.’ सांगू देत. मानेचा टॅग उसवून टाका, कात्रीनं कापलात तर खुंट राहतो आणि तो जास्त टोचतो. व्हॅसलिन मांड्यांना, काखेत, पायाच्या बोटांमध्ये, आणि बायांनो, ब्राच्या खालच्या पट्टीखाली सगळ्या बाजूंनी. पुरुषांनी स्तनाग्रांवर चिकटपट्टी लावावी. माझ्या दिरानं हे हसण्यावारी नेलं होतं. पांढऱ्या टी-शर्टवर दोन लाल रेघा घेऊन आला.

पावसात तहान लागत नाही, पण घाम जातच असतो. ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात कालवून पिशवीशेजारी ठेवते, दर फेरीला चार-पाच घोट. चिक्कीची पाकिटं घरूनच फोडून डबीत. गार बोटांची परीक्षा घेऊ नये.

पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, शेवाळ, तेलाचा इंद्रधनुष्यी डाग, यांवर पाय टाकायचा नाही. गढूळ पाण्याखाली खड्डा आहे असंच धरून चालायचं. उताराला पावलं आखूड.

दर फेरीला अंगठा करंगळीला टेकवून बघा. टेकत नसेल, शब्द अडखळत असतील किंवा पाय उगाच अडखळत असतील तर तो रन तिथंच संपला. ओले कपडे आधी काढायचे, मग अंग पुसून कोरडे, टोपी, आणि गोड गरम काहीतरी. ओल्यावरच स्वेटर चढवून काही उपयोग नाही. आणि कापरं भरलेलं अचानक थांबलं, पण माणूस सुस्त आहे, तर तो बरा झाला असं समजू नका, दवाखाना गाठा.

जुलैच्या झडीत गडगडाट फारसा नसतो, परतीच्या पावसात असतो. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या इमारतीत किंवा गाडीत शिरा, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका. पठारावर तर आपणच सगळ्यात उंच असतो.

घरी आल्यावर बूट गॅसजवळ ठेवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. आतला तळ काढून वेगळा वाळवा, बुटात रद्दीचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. पहिले बोळे पिळता येतील इतके ओले निघतात.