घरी खालावणारी तब्येत वेळेत ओळखा: या चुका टाळा

ओपीडीत दाखवणाऱ्या रुग्णाची तब्येत बहुधा दोन तपासण्यांच्या मधल्या काळात ढासळते. तेव्हा जवळ असतात ते घरचे, शेजारी आणि घरभेटीला येणारे आरोग्यसेवक. म्हणून हे त्यांच्यासाठी.

'पुढच्या तारखेला सांगू'

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हृदय कमजोर असलेल्या माणसाचं वजन दोन-तीन दिवसांत 2 किलोने वाढलं, तर ते बहुतेक वेळा अंगात साठलेलं पाणी असतं. धाप कधीकधी नंतर लागते. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी, एकाच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. वाढ दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. या टप्प्यावर पुष्कळदा गोळीचा डोस बदलून भागतं, उशीर झाला तर दाखल व्हावं लागतं. डोस मात्र आपल्या मनाने बदलू नका.

'वय झालं, चालायचंच'

वयस्कर माणसाला जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज गोंधळलेला किंवा सारखा पेंगत असेल, तर तो म्हातारपणाचा भाग नव्हे. त्याच दिवशी दाखवा.

नुसते रिपोर्ट बघणं

साखर, बीपी ठीक असूनही माणूस खंगत जाऊ शकतो. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला 15 सेकंदांहून जास्त लागले, तर पायांतली ताकद कमी झाली आहे. आणि कृपा करून 'आराम करा' म्हणत त्यांना अंथरुणात ठेवू नका. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर घरातल्या घरात का होईना, चालतं ठेवा.

जेवण सुटलं, गोळी चालूच

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतात. जेवण कमी झालं की लगेच विचारा. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं दुकानातून परस्पर आणू नका.

'कसे आहात?' एवढंच विचारणं

उत्तर ठरलेलं: 'बरं आहे.' त्यापेक्षा काल काय जेवलात, रात्री किती उशा लागतात, असं विचारा. आडवं झाल्यावर श्वास अडतो म्हणून उशा वाढल्या असतील, तर लगेच कळवा. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर थेट रुग्णालय गाठा.