मोडी वाचक व्हायचंय? मुळाक्षरांच्या पुढचा अभ्यास

मोडी या जुन्या मराठी लिपीची मुळाक्षरं आणि बाराखडी रोज तासभर घोटली तर दोन-तीन आठवड्यांत हाताला बसते. वर्ग संपतो, प्रमाणपत्र मिळतं, आणि मग खरा जुना कागद समोर आला की पहिल्या ओळीतच गाडी अडते. यात विद्यार्थ्याच्या हुशारीचा प्रश्न नसतो. अक्षरओळख हा मोडी वाचनाचा लहानसा भाग आहे. कागदाचा साचा, त्यातले फारसी-अरबी शब्द, कालगणना, आकडे आणि संक्षेप हे चार-पाच विषय सोबत शिकले नाहीत तर अक्षरं ओळखूनही कागद उलगडत नाही. ज्यांना यातून काम मिळवायचं आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून अभ्यासाची आखणी तशीच करावी.

आधी कामाबद्दल, कारण बहुतेकांचा पहिला प्रश्न तोच असतो. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती, त्यामुळे महसुली नोंदी, जन्ममृत्यूची रजिस्टरं, खरेदीखतं, गहाणखतं, देवस्थानांची आणि इनामांची कागदपत्रं मोठ्या प्रमाणावर मोडीत आहेत. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी विशिष्ट तारखेआधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. घरातले पुरावे शोधत मागे जाल तसे कागद मोडीत सापडू लागतात. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावची दफ्तरं उघडली गेली, तेव्हा वाचकांची किती टंचाई आहे हे सगळ्यांनीच पाहिलं. याशिवाय वकील, संशोधक, जुनी घराणी, देवस्थानं आणि डिजिटायझेशन करणाऱ्या संस्था काम देतात. पूर्णवेळ पगारी जागा मात्र थोड्या आहेत. बहुतेक काम नगावर मिळतं, हे धरूनच या वाटेला यावं. इतिहास, कायदा, ग्रंथालयशास्त्र किंवा महसूल यापैकी एखाद्या विषयाची जोड असेल तर मोडी फार उपयोगी पडते. एकट्या मोडीवर घर चालवणं अवघड आहे.

शिकायला पुराभिलेख विभागाचे अल्पमुदतीचे वर्ग आहेत, पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था आहेत. वर्ग निवडताना एकच गोष्ट विचारा: मूळ कागदांच्या छायाप्रतींवर किती सराव होतो? नुसता कित्ता गिरवून घेणारा वर्ग सुंदर हस्ताक्षर देईल, वाचन देणार नाही.

लिहिण्याचा सराव तरीही टाळू नका. मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. हात न उचलता पुढच्या अक्षराकडे जायचं असल्याने काना, वेलांटी, उकार अक्षराच्या अंगातच वळतात, आणि काही अक्षरांचा चेहरा त्यामुळे पार बदलतो. ‘र’ तर शेजारी कोण आहे त्याप्रमाणे रूप घेतो. हाताने वळण गिरवलेलं असेल तर डोळ्याला ते वळण कागदावर सापडतं. म्हणून सुटी अक्षरं घोटण्यात वेळ घालवण्यापेक्षा पूर्ण बाराखडी घोटावी. तिरप्या कापाचा बोरू मिळाला तर उत्तम, कारण जाड-बारीक रेघ कुठे येते हे त्यानेच कळतं.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. वेलांटी सहसा दीर्घ आणि उकार ऱ्हस्व एवढंच असतं, म्हणजे ‘दिन’ आणि ‘दीन’ एकसारखेच दिसणार. अनुस्वार बरेचदा गाळलेला असतो, आणि इथे नवखे फसतात: ‘त्यास’ आणि ‘त्यांस’ यात एका माणसाचा किंवा अनेकांचा, नाहीतर मानाचा फरक आहे, आणि तो फक्त संदर्भावरून ठरवता येतो. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ओळ संपली की शब्द जिथे असेल तिथे तुटतो. समोर दिसतं ते असं: ‘मौजेमजकूरचेपाटीलयांणीहुजूरयेऊनविदितकेलेकी’. याचे तुकडे ‘मौजे मजकूरचे पाटील यांणी हुजूर येऊन विदित केले की’ असे पाडायला ‘मजकूर’ म्हणजे इथे ‘वर उल्लेख केलेला’ आणि ‘हुजूर’ म्हणजे सरकारस्वारीपुढे, हे आधी माहीत हवं. जो शब्द ठाऊक नाही तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शब्दसंग्रह हा पाठांतराचाच विषय समजा: सदरहू, मशारनिल्हे, निसबत, दिम्मत, पैकी, बितपशील, दरोबस्त, करीना, महजर, कतबा, फारखत, रोजकीर्द, खतावणी, झडती, ताळेबंद. असे दोन-अडीचशे शब्द पक्के झाले की वाचनाचा वेग एकदम वाढतो.

साचा ओळखता आला तर निम्मं पत्र न वाचताच कळतं. माथ्यावर ‘श्री’, मग ज्याला लिहिलं त्याचे मायने म्हणजे मानाचं संबोधन, ‘राजश्री अमुक गोसावी यांसी’, मग लिहिणाऱ्याचं नाव आणि नमस्कार, मग ‘सु॥’ लिहून सुहूर सन (अरबी अंकशब्दांत लिहिलेलं वर्ष), मग विषय. शेवटी ‘जाणिजे’ किंवा ‘बहुत काय लिहिणे’, ‘छ’ हे अक्षर घालून मुसलमानी महिन्याचा चंद्र म्हणजे तारीख, आणि मोर्तबाचा शिक्का. मोर्तब नेमका मजकूर संपतो तिथे असतो, कारण त्यापुढे कोणी काही घुसडू नये. लांब कागद एकाला एक चिकटवलेले असतील तर सांध्यावरचे शिक्केही पाहून नोंदवा, ते पुराव्यातलं अंग आहे.

आता कालगणना. काम परत येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच, त्यामुळे इथे घाई करू नका. सुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहितात आणि एकं आधी येतं. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सब्बा ७, समान ८, तिस्सा ९, अशर १०. पुढे अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिस्सैन ९०. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, अर्थात ११६१. नवखा वाचक सीत-सितैन, सब्बा-सबैन, समान-समानीन यांत गल्लत करतो आणि पत्र साठ-सत्तर वर्षं पुढेमागे सरकतं.

सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. कोणता आकडा कधी? सुहूर वर्ष मृगात, जूनच्या आसपास सुरू होतं. तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, पौष शुद्ध ८, शके १६८२. तिचं सुहूर वर्ष ११६१. डोळे मिटून ५९९ मिळवले तर १७६० येतं, म्हणजे लढाई व्हायच्या आधीच्या वर्षात कागद जाऊन बसतो. शकालाही असाच नियम: चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८, त्यानंतर फाल्गुनअखेर ७९. दख्खनी फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, सुहूरपेक्षा ९ ने पुढे असतो, तेव्हा ११६१ सुहूर म्हणजे ११७० फसली. ही दोन वर्षं एकाच कागदावर असतील तर ९ चा फरक पडताळून पाहावा, वाचनाची चूक तिथेच पकडता येते. राज्याभिषेक शक इसवी सन १६७४ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून मोजतात. नेमका दिवस हवा असेल तर जंत्री, म्हणजे तारखा जुळवून दाखवणारी कोष्टकं, लागतेच, कारण ‘छ’ने दिलेला महिना चांद्र आहे आणि तो दरवर्षी ऋतूंतून मागे सरकतो. इंग्रजी कागदांशी ताळा घालताना आणखी एक ध्यानात ठेवा: इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ मध्ये पंचांग बदललं. त्याआधीच्या त्यांच्या तारखा आजच्या गणनेपेक्षा सतराव्या शतकात १० दिवसांनी आणि अठराव्या शतकात ११ दिवसांनी मागे आहेत.

हिशेबाचे कागद अनेकजण टाळतात, पण तेच सगळ्यांत विश्वासू असतात, कारण बेरीज तुमचं वाचन तपासून देते. आकड्यापुढची एक उभी रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. म्हणजे ‘१२५॥।’ हे एकशे पावणेसव्वीस, सव्वाशेवर बारा आणे. उरलेले आणे आडव्या किंवा तिरप्या लहान रेघांनी दाखवतात. हीच ‘॥’ अक्षरापुढे आली तर तो संक्षेप असतो: ‘रा॥’, ‘सु॥’. आकड्यापुढे अर्धा, अक्षरापुढे संक्षेप, एवढं पाळलं तरी निम्म्या चुका टळतात. जमिनीची मापंही पाठ हवीत: २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चावर. धान्यात ४ शेरांची पायली, १२ पायल्यांचा मण, २० मणांची खंडी. मापं स्थळाकाळाप्रमाणे बदलतात, म्हणून कागदावरच्या मापाचं आजच्या मापात रूपांतर मुख्य मजकुरात कधीच करू नये.

कोणत्या काळापासून सुरुवात करावी यावर मतं वेगळी आहेत. पेशवेकालीन पत्रांपासून करावी असं माझं मत. अक्षर गोल, नेटकं, ओळी सरळ, आणि सरावाला साहित्य भरपूर. पेशवे दफ्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत बालबोधीत म्हणजे देवनागरीत छापले गेले आहेत. एखाद्या छापील पत्राच्या मूळ प्रतीची छायाप्रत मिळवायची, छापील मजकूर झाकून आपण वाचायचं आणि मग ओळीला ओळ लावून ताडायचं, यासारखा दुसरा शिक्षक नाही. त्यानंतर इंग्रजी अमदानीतली रजिस्टरं घ्या. टाकाने घाईत लिहिलेली असल्याने अक्षर फार गुंतलेलं असतं, पण रकाने ठरलेले असतात. शिवकालीन कागद शेवटी.

रोजगाराच्या दृष्टीने ही इंग्रजी काळातली रजिस्टरंच महत्त्वाची. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, यात तारीख, नाव, बापाचं नाव, जात असे रकाने असतात. एका पानावर वीस नोंदी आणि जातीच्या रकान्यात नुसतं ‘कु’, खाली ‘किता’, पुन्हा ‘किता’. किता म्हणजे वरीलप्रमाणे. अशा वेळी ‘किता’चा धागा वरच्या कोणत्या नोंदीला जाऊन लागतो ते ओळ धरून पाहायचं, मधे एखादी वेगळी जात येऊन गेली असेल तर साखळी तिथे तुटते. आणि लिप्यंतरात ‘कु’ असेल तर ‘कु’च लिहायचं. तो कोणत्या शब्दाचा संक्षेप असावा हे मत खाली टिपेत, कारणासह द्यावं. कागदात नसलेलं अक्षर वाढवलं की तुमचं लिप्यंतर पुरावा राहत नाही, आणि ज्या कुटुंबाला दाखला हवा होता त्याचंच प्रकरण पडताळणीत अडकतं. समोर बसलेला माणूस कितीही गरजू असला तरी यात तडजोड नाही.

लिप्यंतराची शिस्त थोडक्यात अशी. मूळ ओळीला एक ओळ, ओळींना क्रमांक. जे वाचता आलं नाही तिथे टिंबं, फाटलं आहे तिथे चौकटी कंसात ‘फाटले’, शंका आहे तिथे प्रश्नचिन्ह. संक्षेप उलगडला तर वाढवलेली अक्षरं चौकटी कंसात. ऱ्हस्व-दीर्घ आजच्या नियमाने लिहिलं की मूळाप्रमाणे, ते वरच सांगून टाका. लिप्यंतर, अर्थ आणि सारांश हे तीन वेगळे भाग, एकमेकांत मिसळू नका. शाई, शिक्के, खाडाखोड, दुसऱ्या हाताचं अक्षर यांची नोंद शेवटी. टंकलेखन युनिकोडमध्येच करा, जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याच्या संगणकावर विस्कटते.

अभिलेखागारात जाताना ओळखपत्र, संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र आणि विषयाचा नेमका काळ लिहिलेला अर्ज न्या. कागद रुमालांत बांधलेले असतात, सूचीतून रुमालाचा क्रमांक काढून मागणी द्यावी लागते. आत पेन नाही, पेन्सिल. फोटो घ्यायची परवानगी आधी विचारा, आणि प्रत्येक फोटोसोबत रुमाल क्रमांक, पुडकं आणि कागदाचा क्रमांक वहीत टिपा. हा टिपणाचा कंटाळा केला की सहा महिन्यांनी तो फोटो निरुपयोगी होतो, कारण मूळ कागद पुन्हा सापडत नाही.

पैशांचं बोलताना ‘पानाला इतके’ असं ठरवू नका. कागद हातभर लांबही असतो आणि तळहाताएवढाही. ओळींवर किंवा रजिस्टरातल्या नोंदींवर दर ठरवा, आधी दोन-चार ओळी वाचून अक्षर कितपत सुवाच्य आहे ते पाहा आणि मगच मुदत सांगा. पहिलं काम मिळवण्यासाठी तीन नमुने तयार ठेवा: एक पेशवेकालीन पत्र, एक हिशेबाचा कागद, एक इंग्रजी काळातलं रजिस्टरचं पान. प्रत्येकासोबत मूळ छायाप्रत, ओळीगणिक लिप्यंतर आणि तारखेचं गणित सोडवून दाखवलेलं असावं. जाणकार माणूस आधी तारखेचं गणितच तपासतो.