पॉवर पॉप दुसऱ्याला कसं ऐकवावं: शिफारस करण्याची आणि मत मांडण्याची रीत

पॉवर पॉप आवडणाऱ्याला गाणं एकट्यानं ऐकून भागत नाही. तीन मिनिटांचं गाणं संपलं की ते कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पण ऐकवायचं कसं? या प्रकारातले बरेचसे बँड त्यांच्या काळात फारसे खपले नाहीत, त्यामुळे नुसतं नाव सांगून समोरच्याच्या डोक्यात काहीच उमटत नाही. आणि ज्यांना नावं ठाऊक असतात, ते ‘हे मुळात पॉवर पॉप आहे का’ या वादात शिरतात आणि गाणं बाजूला राहतं. माझं मत असं, की शिफारस प्रकाराची करूच नये. एका गाण्याची करावी, आणि जमलं तर त्या गाण्यातल्या एका जागेची करावी.

पायरी १ : व्याख्या दोन वाक्यांत आटपा

पॉवर पॉप म्हणजे काय असं कुणी विचारलं तर इतकंच सांगा: गोड, सहज गुणगुणता येईल अशी चाल, गळ्यात गळा मिळवून गायलेलं ध्रुवपद, आणि त्याखाली रॉक बँडच्या ताकदीनं वाजणाऱ्या गिटार आणि ड्रम. गाणं साधारण तीन मिनिटांचं, विषय बहुतेक वेळा प्रेम किंवा ते न मिळण्याची हुरहुर.

अगदीच इतिहास हवा असेल तर ‘द हू’ बँडच्या पीट टाउनशेंडनं १९६७ साली एका मुलाखतीत आपल्या संगीतासाठी हा शब्द वापरला, इथून सुरुवात करा. बीटल्स, बर्ड्‌स, किंक्स, बीच बॉइज ही मंडळी घराण्याचे मूळ पुरुष. पण खऱ्या अर्थानं हा प्रकार उभा राहिला तो १९७० नंतर, जेव्हा बाकीचे रॉक बँड वीस-वीस मिनिटांच्या रचना करत होते आणि काही हट्टी पोरांना मात्र १९६५ सालच्या सिंगलसारखं आटोपशीर गाणं मोठ्या आवाजात वाजवायचं होतं. एवढं पुरे.

पायरी २ : समोरचा सध्या काय ऐकतो ते विचारा

ही पायरी लोक हमखास गाळतात. आपल्याला जे सर्वांत आवडतं तेच दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं, असा प्रकार होतो. त्याऐवजी त्याच्या कानाला आधीच सवय असलेल्या आवाजाजवळचं गाणं शोधा.

बीटल्स ऐकणाऱ्याला बॅडफिंगर द्या. बीटल्सच्याच ‘ॲपल’ कंपनीचा हा बँड, आणि १९७० सालचं ‘नो मॅटर व्हॉट’ ऐकल्यावर वेगळं समजावून सांगायची गरज उरत नाही. पंक आवडणाऱ्यासाठी १९७८ हे वर्ष भरलेलं आहे: उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या अंडरटोन्सचं ‘टीनेज किक्स’, मँचेस्टरच्या बझकॉक्सची प्रेमभंगाची वेगवान गाणी. पंकचा वेग आणि पॉपची चाल यांत भांडण नसतं, हे त्याला आपोआप कळेल.

नव्वदीतला गिटार रॉक ज्याचा जीव की प्राण आहे त्याच्याकडे बहुधा वीझरचा १९९४ सालचा निळ्या मुखपृष्ठाचा अल्बम असतोच. त्या अल्बमचा निर्माता होता रिक ओकॅसेक, म्हणजे ‘द कार्स’ या बँडचा गायक-गीतकार. तेव्हा वीझरकडून सरळ मागे १९७८ सालच्या कार्सच्या पहिल्या अल्बमवर जा; दुवा आधीच जोडलेला आहे. जपानी पॉप ऐकणाऱ्याला सांगा, की पफी या जोडीची बरीच गाणी लिहिणारा आणि बसवणारा अँडी स्टर्मर हा सॅन फ्रान्सिस्कोच्या जेलीफिश बँडचा गायक-ड्रमर. फक्त सिनेमेच बघणाराही सुटत नाही. १९९६ सालच्या ‘दॅट थिंग यू डू!’ या चित्रपटात १९६४ सालचा एक काल्पनिक बँड आहे आणि त्याचं शीर्षकगीत ॲडम श्लेसिंजरनं लिहिलं, जो पुढे फाउंटन्स ऑफ वेन या आपल्या बँडमुळे घरोघरी पोचला. त्या गाण्याला ऑस्करचं नामांकन होतं. चित्रपटात ते इतक्यांदा वाजतं, तरी कंटाळा येत नाही; पॉवर पॉपच्या गाण्याची याहून कडक परीक्षा कुठली असणार?

पायरी ३ : एकच गाणं द्या

चाळीस गाण्यांची प्लेलिस्ट पाठवणं म्हणजे समोरच्याला गृहपाठ देणं. तो पहिली दोन ऐकेल, तिसरं अर्ध्यावर सोडेल आणि तुम्हाला ‘मस्त आहे’ म्हणून कळवेल. एकच गाणं दिलं तर निदान ते शेवटपर्यंत ऐकलं जातं, आणि मग त्यावर बोलता येतं.

पहिल्या गाण्यासाठी माझी निवड बहुतेक वेळा रास्पबेरीजचं ‘गो ऑल द वे’ हीच असते. ओहायोतल्या क्लीव्हलँडचा बँड, १९७२ साल, अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोचलेलं गाणं. सुरुवातीला गिटार अक्षरशः अंगावर येते: जाड, खरखरीत, थेट ‘द हू’च्या वळणाची. वाटतं, आता कुणीतरी ओरडणार. आणि तेवढ्यात सगळं एकदम खाली बसतं, एरिक कार्मेन हळुवार, जवळजवळ कुजबुजल्यासारखा गायला लागतो. ध्रुवपदात मागचे आवाज बीच बॉइजसारखे एकावर एक चढतात, आणि मग ती दांडगी गिटार परत येते. ‘पॉवर’ आणि ‘पॉप’ दोन्ही एकाच गाण्यात इतक्या उघडपणे शेजारी ठेवलेले दुसरीकडे क्वचितच सापडतील. शब्दांतही एक गंमत आहे. पुढाकार मुलगी घेते आणि मुलगा तिचं बोलणं आपल्याला सांगतो. गोड चालीखाली तेव्हाच्या मानानं बरंच धीट काहीतरी लपवणं, ही या प्रकाराची जुनी खोड आहे.

पायरी ४ : जागा दाखवा

शिफारशीचं सगळं वजन इथे आहे. आता बिग स्टार या १९७० च्या दशकातल्या अमेरिकन बँडची ही शिफारस पाहा:

‘बिग स्टार! अफाट बँड! यांच्यासारखं कुणी नाही. ऐकलं नसेल तर काही ऐकलंच नाही.’

यात सांगणाऱ्याचा उत्साह कळतो, गाण्याबद्दल काहीच कळत नाही. शिवाय शेवटच्या वाक्यात समोरच्याला अडाणी ठरवलंय, ते वेगळंच. आता हीच शिफारस अशी करा:

‘बिग स्टारचं “सप्टेंबर गर्ल्स” ऐक. १९७४ सालच्या “रेडिओ सिटी” अल्बममधलं आहे, तीन मिनिटांच्या आत संपतं. गिटार लख्ख उन्हासारखी वाजते, पण गाणाऱ्याच्या आवाजात मात्र एक थकवा आहे. त्या दोघांचं जमत नाही तिकडे लक्ष ठेव. पहिल्यांदा साधं वाटलं तर दुसऱ्यांदा ध्रुवपदातले मागचे आवाज ऐक.’

यात चार गोष्टी आल्या: काय ऐकायचं, कुठे सापडेल, कान कुठे लावायचा आणि लगेच आवडलं नाही तर काय करायचं. ‘भारी’, ‘खतरनाक’, ‘कल्ला’ ही विशेषणं वापरायला माझी हरकत नाही. पण प्रत्येक विशेषणामागे गाण्यातली एक जागा दाखवता आली पाहिजे. चीप ट्रिक या अमेरिकन बँडचं ‘सरेंडर’ भारी का? कारण गाणं पुढे जाताना सगळीच्या सगळी पट्टी वर सरकते आणि ऐकणाऱ्याला न कळत उचलून नेते. बस, इतकं सांगितलं की झालं.

वाद्यांची नावं घ्यायची तर बेतानं. बारा तारांची रिकनबॅकर गिटार किणकिणते कशी, हे बर्ड्‌सचं एखादं गाणं लावून दाखवा. तिच्या मॉडेलचे क्रमांक सांगू नका.

पायरी ५ : कोणतं रेकॉर्डिंग, ते स्पष्ट सांगा

इथे चूक झाली तर चांगली शिफारसही वाया जाते. चीप ट्रिकचं ‘आय वाँट यू टू वाँट मी’ हे ठळक उदाहरण. १९७७ सालच्या ‘इन कलर’ अल्बमवर ते हलकंफुलकं, जरा नाटकी ढंगाचं आहे, आणि अमेरिकेत ते चाललं नाही. एप्रिल १९७८ मध्ये टोकियोच्या बुडोकान सभागृहात तेच गाणं बँडनं वाढवलेल्या लयीत, तगड्या गिटारवर वाजवलं. प्रेक्षागृहातल्या मुलींनी ओळींना किंचाळून प्रतिसाद दिला, आणि ते रेकॉर्डिंग १९७९ साली अमेरिकेत सातव्या क्रमांकावर गेलं. नुसतं गाण्याचं नाव सांगून मोकळे झालात आणि समोरच्यानं स्टुडिओतलं ऐकलं, तर तुम्ही एवढे का भारावलात हे त्याला कळणार नाही.

कधी मूळ गाणं दुसऱ्याच बँडचं असतं. ब्लाँडीचं १९७८ सालचं ‘हँगिंग ऑन द टेलिफोन’ सगळ्यांना माहीत आहे, पण ते लिहिलं जॅक लीनं आणि आधी, १९७६ साली, वाजवलं त्याच्या ‘द नर्व्ह्‌ज’ या तिघांच्या बँडनं. अशा वेळी दोन्ही द्या, आधी ओळखीचं आणि मग मूळ. त्या छोट्या बँडमधला पीटर केस पुढे प्लिमसोल्समध्ये गेला, पॉल कॉलिन्सनं ‘द बीट’ काढला. म्हणजे एका गाण्यातून ऐकणाऱ्याला पुढच्या दोन वाटा आयत्या मिळतात.

पायरी ६ : गोष्ट सांगा, पण गाण्यानंतर

पॉवर पॉपमध्ये दुर्दैवाच्या कहाण्या ढीगभर आहेत. बिग स्टारच्या पहिल्या अल्बमचं समीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं, आणि वितरणाच्या घोळामुळे रेकॉर्ड दुकानांत धड पोचलीच नाही. बँडचा गायक-गिटारवादक क्रिस बेल बँड सोडून गेला आणि डिसेंबर १९७८ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, मोटार अपघातात वारला. बॅडफिंगरचा गायक-गीतकार पीट हॅम यानं १९७५ साली पैशांच्या गुंत्याला कंटाळून जीव दिला. पोर्टलंडच्या एक्सप्लोडिंग हार्ट्‌सचा एकमेव अल्बम २००३ साली आला आणि त्याच वर्षी बँडमधले तिघे प्रवासात अपघातात गेले.

या गोष्टी खऱ्या आहेत आणि चटका लावतात. पण त्या आधी सांगितल्या की ऐकणारा गाण्यात दुःखच शोधत बसतो, आणि गाणी तर बहुतेक आनंदानं उसळणारी असतात. शिवाय दुर्लक्षित राहिलेला प्रत्येक बँड थोर असतोच असंही नाही. काही बँड त्यांच्या लायकीनंच विसरले गेले.

पायरी ७ : आवडलं नाही तर तसं म्हणा, आणि का ते सांगा

सगळंच ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्याच्या शिफारशीला किंमत राहत नाही. जेलीफिशचा १९९३ सालचा ‘स्पिल्ट मिल्क’ अनेकांना शिखर वाटतो; मला त्यात इतके थर दिसतात की चाल गुदमरते, त्यांचा आधीचा ‘बेलीबटन’ मला जास्त मोकळा वाटतो. हे मत काहींना पटणार नाही, पण ते कशावर उभं आहे ते दिसतं, त्यामुळे त्यावर भांडता येतं.

गाण्यावरचा राग आणि गाण्याभोवतीच्या गाजावाज्यावरचा राग मात्र वेगळे ठेवा. द नॅकचं ‘माय शरोना’ १९७९ साली अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. कंपनीनं त्यांना नवे बीटल्स असल्यासारखं मिरवलं, लोक वैतागले आणि बँडविरुद्ध उघड मोहीमच निघाली. त्या वैतागाची झळ इतर पॉवर पॉप बँडनाही लागली. आज ते गाणं लावलं तर ड्रम आणि बासचा तो ठेका अजून तसाच ताठ उभा आहे. गाण्याचे शब्द खटकतात असं कुणी म्हणालं तर ते रास्त आहे. ‘फार गाजलं म्हणून वाईट’ हे मात्र मत नव्हे.

पायरी ८ : हद्दीच्या वादात वेळ घालवू नका

कार्स न्यू वेव्ह (पंकच्या पाठोपाठ आलेला रॉकचा प्रकार) की पॉवर पॉप? वीझर यात बसतात का? अशा प्रश्नांवर रात्र जागवता येते. पाच मिनिटं द्या, मजा घ्या, आणि मग विचारा: ‘बरं, त्यांचं कुठलं गाणं?’ संभाषण आपोआप रुळावर येतं.

पायरी ९ : उलट शिफारस घ्या, आणि नवंही ऐका

गाणं दिलंत तर एक मागून घ्या आणि ते खरंच ऐका, त्यातली जागा सांगून उत्तर द्या. या प्रकाराचे चाहते १९७२ आणि १९७९ मध्ये तळ ठोकून बसतात, हे त्यांचं मोठं व्यंग. मधल्या काळात टीनेज फॅनक्लब या स्कॉटिश बँडच्या ‘बँडवॅगनेस्क’ला अमेरिकेच्या ‘स्पिन’ मासिकानं १९९१ सालचा सर्वोत्तम अल्बम ठरवलं होतं, तेही निर्वाणाच्या ‘नेव्हरमाइंड’ला मागे टाकून. त्या निकालाला लोक आजही हसतात. मी नाही हसत.

आणि अगदी अलीकडचं हवं असेल तर न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या द बेथ्‌स या बँडचा २०२२ सालचा ‘एक्स्पर्ट इन अ डाइंग फील्ड’ घ्या. एलिझाबेथ स्टोक्सचा आवाज अजिबात चढत नाही, बोलल्यासारखा शांत राहतो, आणि बाकीचे तिघे वाजवता वाजवता मागून हार्मनी भरतात. शीर्षकगीतापासून सुरू करा. त्यानंतर द लेमन ट्विग्सचा २०२४ सालचा ‘अ ड्रीम इज ऑल वी नो’, ज्यात दोन भाऊ १९६० च्या दशकातली हार्मनी इतक्या निष्ठेनं गातात की काहींना ती नक्कल वाटते. तुम्हाला काय वाटतं ते कळवताना कुठल्या गाण्यावरून तसं वाटलं, तेही लिहा.