अवॉर्ड विरुद्ध गेलाय? कोर्टात जाण्याआधी या चुका टाळा

इंदूरच्या सांवेर रोडच्या किंवा जवळच्या पीथमपूरच्या कारखानदाराविरुद्ध लवादाचा अवॉर्ड, म्हणजे निवाडा, गेला की पहिलं वाक्य ठरलेलं: "वर अपील करू." पण १९९६ च्या लवाद कायद्यातलं कलम ३४, म्हणजे अवॉर्ड रद्द करून मागण्याचा कोर्टातला अर्ज, हे अपील नव्हे. साक्षीदार खोटं बोलला, लवादानं आमच्या बिलांकडे नीट पाहिलंच नाही, असल्या तक्रारी तिथे चालत नाहीत, कारण कोर्ट पुरावा नव्यानं तोलत नाही. त्याउलट, व्याज द्यायचं नाही असं करारात स्वच्छ लिहिलेलं असताना लवादानं अवॉर्डपर्यंतचं व्याज लावलं असेल, तर मुद्दा दमदार आहे. बाजू मांडायची संधीच मिळाली नसेल, तरीही. चाळीस मुद्द्यांचा अर्ज पाहिला की न्यायाधीशांना एवढंच कळतं, की पक्षकाराकडे एकही धड मुद्दा नाही.

सगळ्यात महाग चूक तारखेची. सही केलेली प्रत हातात पडल्यापासून तीन महिने, आणि सबळ कारण दाखवलंत तर वर ३० दिवस. त्यापुढे एक दिवसही नाही. मुदत कायद्याच्या कलम ५ ची, उशीर माफ करायची सवलत इथे लागू नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००१ मध्येच सांगितलंय. तीन महिने कॅलेंडरचे मोजतात, ९० दिवस नव्हे. प्रत १२ फेब्रुवारीला मिळाली तर मुदत १२ मेपर्यंत, आणि वाढीव दिवस ११ जूनला संपतात. आता खाचखळगा बघा: १२ मेला कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी अर्ज देता येतो, पण ११ जून सुट्टीत आला तर ती सोय नाही. उन्हाळी सुट्टीच्या भरवशावर बसलेला माणूस इथेच बुडतो. म्हणून अवॉर्डची प्रत आलेलं पाकीट फाडून टोपलीत टाकू नका. मुनीमजींना सांगा, त्यावर तारीख घालून फाइलला लावा.

अवॉर्डमध्ये आकडेमोडीची चूक असेल तर ३० दिवसांत लवादाकडेच कलम ३३ खाली दुरुस्ती मागा. मग कलम ३४ ची मुदत त्या अर्जाच्या निकालापासून मोजतात. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं कोर्टालाही मर्यादित फेरफाराची मुभा दिली आहे, पण रक्कम निम्मी करून मिळेल अशा आशेनं जाऊ नका.

दार कुठलं, हेही आधी पाहा. करारात लवादाचं 'आसन' (सीट, म्हणजे लवादाचं कायदेशीर ठिकाण) मुंबई लिहिलं असेल, तर सुनावण्या इंदूरच्या हॉटेलात झाल्या तरी अर्ज मुंबईतच. करार करताना हे कलम कोणी वाचत नाही, हे आपलं जुनं दुखणं. वाद व्यापारी आणि तीन लाखांच्या वरचा असेल तर प्रकरण कमर्शियल कोर्टाचं. मध्य प्रदेश सरकारच्या बांधकाम कंत्राटाची गोष्टच निराळी: तिथे १९८३ च्या राज्य कायद्यानुसार वाद भोपाळच्या मध्यस्थम् अधिकरणापुढे जातो आणि त्याच्या अवॉर्डवर हायकोर्टात रिव्हिजन (फेरतपासणीचा अर्ज), कलम ३४ नाही.

एमएसएमई कौन्सिलकडून, म्हणजे लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद बघणाऱ्या सरकारी मंडळाकडून, आलेला अवॉर्ड असेल आणि पैसे देणारे तुम्ही असाल, तर २००६ च्या कायद्यातल्या कलम १९ नुसार रकमेचे ७५ टक्के भरल्याशिवाय कोर्ट अर्ज ऐकतच नाही. व्याज तिथे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. म्हणून ७५ टक्क्यांचा आकडाही मूळ बिलापेक्षा मोठा निघू शकतो. पैशांची सोय आधी बघा, मसुदा नंतर.

आणि अर्ज दाखल झाला म्हणजे वसुली थांबली, असं धरून चालू नका. २०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम ३६ खाली स्टेचा (स्थगितीचा) वेगळा अर्ज लागतो, आणि पैशांच्या अवॉर्डमध्ये कोर्ट सहसा रक्कम जमा करायला सांगतं. तो अर्ज 'पुढच्या तारखेला बघू' म्हणून ठेवलात, तर समोरचा पक्ष दरम्यान तुमच्या करंट अकाउंटवर जप्ती आणू शकतो.