वर्ध्याहून पवनारमार्गे सेवाग्राम: पायी निघण्याआधीची तयारी

आधी महिना ठरवा, बाकीचं मग. दिवाळी आटोपली की फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हा फेरा आनंदाने होतो. त्यानंतर वर्ध्याचं ऊन कोणाचं ऐकत नाही. एका वर्षी आम्ही मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो होतो. पवनारच्या पुलावर पोचलो तेव्हा दहाच वाजले होते, तरी डांबराची धग तळपायाला लागत होती. सोबतच्या दोन मुलांना तिथूनच एसटीने परत पाठवावं लागलं. चूक माझी होती, आणि त्या मुलांचे लाल झालेले चेहरे मी विसरलेलो नाही. पावसाळ्यात वेगळी पंचाईत असते. पांदणीतली काळी माती चपलेला अशी धरते की दर दहा पावलांवर काडीने खरडावं लागतं, आणि धाम नदी फुगली की काठावरचे खडक दिसेनासे होतात. हिवाळ्यात मात्र वावरात कापूस फुटलेला असतो, तूर शेंगांवर आलेली असते आणि सकाळी नदीवर धुकं असतं.

फेरा असा: वर्धा शहर, गोपुरी, पवनार, तिथून सेवाग्राम आणि परत वर्धा. सगळं मिळून वीस-पंचवीस किलोमीटर होतात. चढ नावापुरताच, पण सपाट रस्ताही पाय दुखवतो. म्हणून दोन आठवडे आधीपासून रोज सकाळी तासभर चाला. एका रविवारी तर तेच बूट घालून आणि तीच पिशवी खांद्याला लावून सलग दहा-बारा किलोमीटर चालून बघा. नवे बूट या दिवसासाठी कधीच काढू नका. पातळ तळव्याची चप्पलही नको, कारण बाभळीचा काटा तिच्यातून आरपार जातो. रात्री टाचांना आणि बोटांमध्ये खोबरेल तेल चोळा, वर सुती मोजे घाला, आणि एक कोरडा जोड पिशवीत असू द्या. टाच चुरचुरायला लागली की तिथेच थांबून पट्टी लावा. पुढच्या गावात लावू म्हणाल तर तोवर फोड आलेला असतो.

बाहेरगावाहून येणाऱ्यांनी तिकीट काढताना स्टेशनचं नाव दोनदा वाचावं. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. मुंबईकडच्या गाड्या वर्ध्याला थांबतात, नागपूर-बल्लारशा मार्गाच्या सेवाग्रामला, आणि सेवाग्राम स्टेशनवर उतरलं तरी गांधीजींचा आश्रम काही किलोमीटर दूर राहतो. नावाचा घोळ इथे जुनाच आहे. गावाचं मूळ नाव शेगाव. गजानन महाराजांच्या शेगावाशी गल्लत होऊन टपाल भलतीकडे जायचं, म्हणून 1940 मध्ये ‘सेवाग्राम’ हे नाव घेतलं.

पिशवी हलकी हवी. माणशी दोन लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, डोक्याला बांधायला सुती दुपट्टा, पट्ट्या, काटा काढायला चिमटा, छोटी बॅटरी आणि पहाटेसाठी स्वेटर, एवढं पुरे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलंच गारठतं आणि अकराला स्वेटर ओझं होतं, तेव्हा तो पातळ असावा. खायला भाकर, कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे. तेलकट काही नको, त्याने तहान वाढते. एक वस्तू मात्र हट्टाने घ्या: आदल्या संध्याकाळी वर्ध्यात गोरसपाक विकत घ्या. इथल्या गोरस भांडाराचा हा खुसखुशीत पदार्थ पिशवीत दिवसभर टिकतो आणि दुपारच्या थकव्याला कामी येतो.

आदल्याच दिवशी शहरातल्या दोन जागा पाहून घ्या, कारण चालण्याच्या दिवशी त्यांना वेळ उरत नाही. एक लक्ष्मीनारायण मंदिर. जमनालाल बजाज यांनी 1928 मध्ये ते दलितांसाठी खुलं केलं. दुसरी मगन संग्रहालय, ज्याचं उद्‌घाटन गांधीजींनी 1938 मध्ये केलं.

निघायचं ते पहाटे साडेपाचला, आणि या वेळेत सवलत घेऊ नका. उजेड फुटताना गोपुरीत गीताई मंदिरापाशी असलं पाहिजे. मंदिर म्हटलं तरी त्याला छत नाही. गीताईचे, म्हणजे विनोबांनी मराठीत आणलेल्या गीतेचे, अठराही अध्याय कोरलेल्या उभ्या शिळांची ती भिंत आहे, 1980 मध्ये उभी राहिलेली. तिरपं ऊन पडलं की अक्षरं उठून दिसतात. गोपुरी ते पवनार हा नागपूर-तुळजापूर महामार्गाचा तुकडा आहे आणि त्यावर जड वाहनं सतत धावतात. उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं एकामागे एक चाला. पांढरे किंवा फिकट कपडे घाला, आणि मुलं असतील तर त्यांच्या पुढे-मागे एकेक मोठं माणूस ठेवा.

पवनारला किमान दोन तास राखून ठेवा. लोक इथेच घाई करतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. प्रकृती पार खालावलेली असताना विनोबा 1938 मध्ये इथे आले. धामचा पूल ओलांडतानाच त्यांनी सगळ्या चिंता मनातून सोडून दिल्या आणि पलीकडच्या टेकाडावर राहून रोज थोडं खणायला लागले. त्या खणण्यात भरत-रामाची प्राचीन मूर्ती सापडली, ती आजही आश्रमात आहे. जमीन तशीच आहे इथली. वाकाटक राजांची प्राचीन राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी मांडत, तर दुसरे अभ्यासक रामटेकजवळच्या मनसरकडे बोट दाखवतात. याच आश्रमातून 12 सप्टेंबर 1951 रोजी विनोबा दिल्लीला पायी निघाले. पाय कुरकुरले की मी हेच आठवतो. आश्रमातलं ब्रह्मविद्या मंदिर 1959 चं, आणि तिथे साधक बहिणी सामूहिक जीवन जगतात. ते त्यांचं घर आहे. फोन बंद ठेवा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आवाज खाली असू द्या. नदीकाठी गांधीजींच्या अस्थिविसर्जनाच्या जागी छत्री आहे, दर 12 फेब्रुवारीला तिथे मेळा भरतो. मेळा अनुभवायचा असेल तर तोच दिवस धरा, शांतता हवी असेल तर टाळा. खडकांवर शेवाळ असतं, म्हणून बूट काढूनच पाण्याजवळ जा, आणि पोहायला कोणी उतरणार नाही हे निघतानाच ठरवून घ्या.

पवनारहून सेवाग्रामला जाताना महामार्ग सोडून शेतांमधल्या आतल्या रस्त्याने जा. फोनमधल्या नकाशावर पूर्ण भिस्त ठेवू नका. वावरात कापूस वेचणाऱ्या मावशीला विचारलं, ‘मावशी, सेवाग्रामले कोन्ता रस्ता जाते?’ की उत्तरासोबत पाणीही मिळतं. तिचं पाणी कामाच्या दिवसाचं असतं, म्हणून आपल्या बाटल्या पवनारलाच भरून घ्या. उभ्या पिकातून वाट काढू नका.

दुपारी एकच्या आत आश्रमात पोचलात तर उन्हाचा कडाका सावलीत जातो. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी वर्ध्याहून या गावी चालतच आले होते. घराला खर्च कमीत कमी व्हावा आणि सामान आसपासचंच हवं, अशी त्यांची अट होती. आदी निवासात, म्हणजे त्याच पहिल्या घरात, बसलं की ती अट भिंतींत दिसते. बापू कुटी, बा कुटी, आखरी निवास, सगळीकडे पादत्राणं बाहेर. दोन-तीन तास इथे सहज जातात. बापूंनी लावलेल्या पिंपळाजवळ बसून मोजे बदला, पाय मोकळे करा.

संध्याकाळची प्रार्थना उघड्यावर होते. तिला थांबायचं असेल तर सेवाग्राम ते वर्धा हा शेवटचा टप्पा पायी करू नका. अंधारात त्या रस्त्यावर दुचाक्या जोरात असतात. ऑटो मिळतात, एसटीही आहे. भाड्याचे सुटे पैसे सकाळीच वेगळ्या खिशात ठेवा, आणि स्वेटर पिशवीच्या तळाशी न कोंबता वरच ठेवा.