वाय-फाय जोडलेले आहे, पण इंटरनेट नाही: बिघाड कुठे आहे ते कसे शोधावे

फोनच्या वरच्या पट्टीत वाय-फायचे चिन्ह दिसते, नेटवर्कच्या नावाखाली ‘कनेक्टेड’ असेही लिहिलेले असते, आणि तरीही एकही पान उघडत नाही. अशा वेळी बहुतेक जण लगेच सेटिंग्जमध्ये शिरतात आणि समोर दिसेल ते बदलू लागतात. त्यामुळे मूळ बिघाडात आपणच केलेल्या दोन-तीन बदलांची भर पडते आणि नंतर कोणता दोष मुळातला आणि कोणता आपला, हे कळेनासे होते. म्हणून आधी बिघाड वाटेच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते ठरवावे आणि मगच कशाला हात लावावा.

ही वाट समजायला अवघड नाही. फोन प्रथम राउटरशी रेडिओलहरींनी जोडला जातो आणि पासवर्ड जुळला की वाय-फायचे चिन्ह उमटते. त्यानंतर राउटर फोनला घरच्या नेटवर्कमधला एक आयपी पत्ता, म्हणजे ओळखीचा अंकी पत्ता, देतो. पुढे राउटर सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या मार्गाने बाहेरच्या इंटरनेटशी बोलतो आणि शेवटी डीएनएस नावाची व्यवस्था संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देते. वाय-फायचे चिन्ह यांपैकी फक्त पहिल्या टप्प्याची ग्वाही देते. पुढच्या तिन्ही टप्प्यांबद्दल ते काहीच सांगत नाही.

मग ‘इंटरनेट नाही’ हे फोनला कसे कळते? जोडणी होताच फोन स्वतःहून एक लहानशी चाचणी घेतो. अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर विनंती पाठवतो आणि तिकडून २०४ हा सांकेतिक क्रमांक असलेले रिकामे उत्तर येण्याची वाट पाहतो. आयफोन ॲपलच्या एका छोट्या पानावर ‘सक्सेस’ हा शब्द मिळतो का ते पाहतो. अपेक्षित उत्तर आले नाही, तर सूचना झळकते. याचा अर्थ असा की, राउटरवरच्या एखाद्या जाहिरातरोधक गाळणीने नेमका तोच पत्ता अडवला असेल, तर इंटरनेट व्यवस्थित चालू असूनही फोन ते नसल्याचे सांगू शकतो.

पायरी १: सूचना खरी आहे का ते तपासावे

तपासणी सुरू करण्यापूर्वी मोबाइल डेटा बंद करावा. वाय-फायवर इंटरनेट मिळत नसले की आजचे बहुतेक फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतात, आणि मग काही गोष्टी चालतात, काही अडतात, असा संभ्रम निर्माण होतो. त्यानंतर ब्राउझरमध्ये अलीकडे न उघडलेले एखादे पान उघडून पाहावे, कारण नेहमीचे पान फोनच्या साठवणीतूनही दिसू शकते. पान उघडले आणि एकच ॲप अडत असेल, तर दोष त्या ॲपचा किंवा त्याच्यावर घातलेल्या डेटा-निर्बंधाचा असतो आणि पुढचे सगळे वाचण्याची गरज नाही. पानाऐवजी सेवा पुरवणाऱ्या कंपनीचे लॉगिनचे किंवा पैसे भरण्याचे पान समोर आले, तर योजनेची मुदत संपलेली आहे. हे कारण इतके साधे असते की ते सर्वांत शेवटी सुचते.

पायरी २: दुसरे उपकरण त्याच वाय-फायवर चालवून पाहावे

या लेखातील सर्वांत उपयोगी पायरी हीच आहे. दुसरा फोन, टॅब्लेट किंवा संगणक त्याच नेटवर्कच्या त्याच नावाला जोडावा आणि त्याचाही मोबाइल डेटा बंद ठेवावा. सगळीच उपकरणे अडलेली असतील, तर तुमच्या फोनच्या सेटिंग्जना हात लावण्याचे काहीच कारण उरत नाही; बिघाड राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे आणि पायरी ३ तुमच्यासाठी आहे. बाकी सगळे चालते आणि हा एकच फोन अडतो, असे दिसले तर थेट पायरी ४ कडे जावे. शक्य असल्यास उलट चाचणीही करावी, म्हणजे अडलेला फोन दुसऱ्या एखाद्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडून पाहावा. तिथे तो नीट चाललाच, तर फोनचा वाय-फाय भाग शाबूत आहे एवढे नक्की होते.

घरात वाय-फायचा पल्ला वाढवणारे एक्स्टेंडर असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. फोन एक्स्टेंडरशी भक्कम जोडलेला असतो, सिग्नलच्या सर्व रेघा भरलेल्या दिसतात, पण एक्स्टेंडरचा स्वतःचा मुख्य राउटरशी संपर्क तुटलेला असतो. मुख्य राउटरच्या शेजारी उभे राहून त्याच्याच नेटवर्कला जोडले की हे लगेच उघड होते. अगदी कमकुवत सिग्नलचाही असाच चकवा असतो: राउटरचे प्रक्षेपण सहसा फोनपेक्षा जोरकस असते, त्यामुळे फोनला राउटर ‘ऐकू’ येतो, पण फोनचे बोलणे राउटरपर्यंत पोहोचत नाही.

पायरी ३: सगळीच उपकरणे अडलेली असतील तर

आधी दिवे पाहावेत. फायबरच्या जोडणीत भिंतीजवळच्या पेटीवर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल पेटलेला किंवा लुकलुकत असेल, तर प्रकाशाचा संकेतच पेटीपर्यंत येत नाही. केबल कुठे दुमडली आहे का, तिचे टोक सैल झाले आहे का, एवढे पाहावे आणि तसे काही नसेल तर कंपनीला कळवावे. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू करूनही काही साधत नाही. उलट पॉन नावाचा दिवा हिरवा आणि स्थिर असेल, तर पेटीपर्यंतचा मार्ग ठीक आहे.

दिवे ठीक असतील तर मोडेम, म्हणजे कंपनीची तार जिथे येते ती पेटी, आणि राउटर पुन्हा सुरू करावेत, मात्र क्रम पाळावा. मोडेम आणि राउटर हे दोन वेगळे असतील, तर दोघांचाही वीजपुरवठा बंद करून साधारण ३० सेकंद थांबावे. मग आधी मोडेम सुरू करावा, त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत वाट पाहावी आणि नंतर राउटर सुरू करावा. बाहेरच्या बाजूचा पत्ता राउटरला मोडेममार्फत मिळतो. मोडेम तयार होण्याआधीच राउटर जागा झाला, तर त्याच्या हाती कधीकधी काहीच लागत नाही. दोन्ही पेट्या पूर्ववत होण्यास काही मिनिटे लागू शकतात, तोवर धीर धरावा.

येथे एक इशारा आवश्यक आहे. राउटरच्या मागे बारीक छिद्रात लपलेले रीसेटचे बटण असते, आणि ते दाबणे म्हणजे बंद-चालू करणे नव्हे. त्याने राउटरमधील सर्व सेटिंग्ज पुसल्या जातात. अनेक जोडण्यांमध्ये कंपनीने दिलेले वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्डही राउटरमध्येच साठवलेले असतात, तेही जातात. ते तपशील हाताशी नसतील, तर अर्ध्या तासाचा बिघाड दोन दिवसांचा होतो. तुमच्याकडे ते लिहून ठेवलेले नसतील, तर त्या छिद्राकडे पाहूही नये.

पेट्या पुन्हा सुरू करूनही काही फरक पडला नाही, तर संगणक केबलने थेट राउटरला जोडून पाहावा. केबलवर इंटरनेट चालते आणि वाय-फायवर कुणालाच मिळत नाही, असे असेल तर राउटरचा बिनतारी भाग बिघडलेला आहे. केबलवरही काही नसेल, तर कंपनीकडे तक्रार नोंदवावी. कोणते दिवे कोणत्या रंगाचे आहेत, अडचण केव्हापासून आहे आणि केबलवर काय दिसले, या तीन गोष्टी सांगता आल्या की ‘राउटर बंद करून चालू करा’ या नेहमीच्या उत्तराच्या पुढे संभाषण लवकर सरकते.

पायरी ४: फक्त तुमचाच फोन अडलेला असेल तर

फोन पुन्हा सुरू करावा. त्याने न भागल्यास वाय-फायच्या यादीतून हे नेटवर्क ‘फरगेट’ करून, म्हणजे फोनला ते विसरायला लावून, पासवर्ड नव्याने घालावा. पासवर्ड माहीत असल्याची खात्री त्याआधी करून घ्यावी.

नंतर फोनची तारीख, वेळ आणि कालविभाग पाहावा. घड्याळाचा इंटरनेटशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सुरक्षित संकेतस्थळे आपली ओळख पटवण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखवतात, त्याला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते, आणि फोनचे घड्याळ त्या मुदतीबाहेर असेल तर फोन जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळ नाकारतो. बराच काळ बॅटरी संपलेल्या अवस्थेत पडून राहिलेला, सिम कार्ड नसलेला फोन या सापळ्यात हमखास सापडतो, कारण वेळ दुरुस्त करायला त्याला इंटरनेट लागते आणि इंटरनेट चालायला योग्य वेळ लागते. अशा वेळी तारीख हाताने घालावी आणि इंटरनेट सुरू झाल्यावर ‘स्वयंचलित वेळ’ हा पर्याय पुन्हा चालू करावा.

यानंतर व्हीपीएन, म्हणजे फोनची सगळी ये-जा दुसऱ्या संगणकामार्फत वळवणारी सोय, पूर्णपणे बंद करावे. जाहिराती अडवणारी अनेक ॲप फोनमध्येच एक खोटे व्हीपीएन उभे करून काम करतात, त्यामुळे ‘मी व्हीपीएन वापरतच नाही’ असे म्हणणाऱ्यांनीही सेटिंग्जमधील व्हीपीएनचे पान उघडून पाहावे. अँड्रॉइडमध्ये ‘व्हीपीएनशिवाय जोडण्या अडवा’ असा एक पर्याय असतो. तो चालू आणि व्हीपीएन मात्र बंद, अशी स्थिती असेल तर फोन संपूर्ण मुका होतो. त्याच फेरीत नेटवर्कच्या तपशिलात प्रॉक्सी, म्हणजे मधला मध्यस्थ संगणक, ‘नन’ किंवा ‘ऑफ’ असल्याची खात्री करावी. कार्यालयाच्या नेटवर्कसाठी घातलेली प्रॉक्सी घरच्या नेटवर्कवर उपयोगाची नसते.

पायरी ५: फोनला मिळालेला पत्ता वाचावा

वाय-फायच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या नावाशेजारच्या चिन्हावर बोट ठेवले की आयपी पत्ता दिसतो. घरगुती नेटवर्कमध्ये तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. क्वचित १० ने किंवा १७२ ने. आयफोनवर तो १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि फोनने नाइलाजाने स्वतःच एक घेतला आहे. अँड्रॉइड अशा वेळी बहुधा पत्ता मिळवण्याच्या टप्प्यावरच अडकून राहतो.

याची कारणे मुख्यतः दोन. एक म्हणजे कधीतरी कुणीतरी फोनमध्ये हाताने स्थिर पत्ता घातलेला असतो आणि राउटर बदलल्यावर तो चुकीचा ठरतो. आयपीच्या सेटिंगमध्ये ‘स्टॅटिक’ असेल तर ते ‘डीएचसीपी’, म्हणजे राउटरकडून आपोआप पत्ता घेणे, असे करावे, आयफोनवर ‘ऑटोमॅटिक’ करावे. माझा स्वतःचा एक संपूर्ण दिवस मीच दोन वर्षांपूर्वी घातलेल्या अशा पत्त्यापायी गेला आहे, म्हणून हे कारण मी आधी सांगतो. दुसरे म्हणजे राउटरकडचे पत्ते संपलेले असतात. राउटरला वाटण्यासाठी १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१४९ एवढेच पत्ते दिलेले असतील, तर ती ५० उपकरणांची सोय झाली. दिवे, कॅमेरे, टीव्ही आणि पाहुण्यांचे फोन धरले तर ती अपुरी पडू शकते. राउटर पुन्हा सुरू करून तात्पुरते भागते, परंतु कायमचा उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंग्जमध्ये हा पल्ला वाढवणे.

पायरी ६: पत्ता ठीक आहे, पण नावे सापडत नाहीत का ते पाहावे

ब्राउझरमध्ये संकेतस्थळाच्या नावाऐवजी १.१.१.१ हा अंकी पत्ता इंग्रजी अंकांत टाकावा. पान उघडले, पण नाव टाकल्यावर कोणतेच संकेतस्थळ उघडले नाही, तर रस्ता मोकळा आहे आणि दोष डीएनएसचा आहे.

अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, ‘खाजगी डीएनएस’ अशी एक सेटिंग आलेली आहे. तिथे एखाद्या सेवेचे नाव हाताने घातले असेल आणि ती सेवा पोहोचत नसेल, तर फोन दुसरा पर्याय शोधत बसत नाही. तो सरळ इंटरनेट नसल्याचे सांगतो. ही सेवा सहसा ८५३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे जोडणीच्या ठरावीक दारातून, चालते आणि काही राउटर ते अडवतात, त्यामुळे मोबाइल डेटावर नीट चालणारा फोन घरच्या वाय-फायवर मात्र अडतो. तिथे ‘स्वयंचलित’ निवडावे. आयफोनवर त्याच नेटवर्कच्या तपशिलात ‘कॉन्फिगर डीएनएस’ मध्ये जाऊन ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घालून पाहता येते. अँड्रॉइडवर एका नेटवर्कपुरता डीएनएस बदलायचा तर सहसा स्टॅटिक पत्ता निवडावा लागतो, आणि पायरी ५ मधला त्रास आपण स्वतःच ओढवून घेतो. म्हणून तिथे हा बदल राउटरमध्येच करणे शहाणपणाचे.

पायरी ७: राउटरनेच फोनला अडवले आहे का ते तपासावे

राउटरच्या ॲपमध्ये किंवा १९२.१६८.१.१ अथवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर उघडणाऱ्या पानावर पॅरेंटल कंट्रोलची, म्हणजे मुलांच्या वापरावरील निर्बंधांची, यादी पाहावी. तिथे एखादे उपकरण थांबवलेले असेल, तर ते वाय-फायला जोडले जाते, पण त्याला इंटरनेट मिळत नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला आपला खरा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा मूळ ओळखक्रमांक, न दाखवता बनवलेला पत्ता दाखवतात. राउटरमध्ये केवळ ओळखीच्याच उपकरणांना परवानगी असेल, तर जुनाच फोन त्याला अनोळखी वाटतो. घरच्या नेटवर्कपुरता फोनचा खरा मॅक पत्ता वापरण्याचा पर्याय निवडावा, किंवा नवा पत्ता यादीत घालावा.

पायरी ८: नेटवर्क सेटिंग्ज रीसेट कराव्यात

एवढे करूनही फोन अडलेलाच असेल, तर नेटवर्क सेटिंग्ज मूळ स्थितीवर आणाव्यात. अँड्रॉइडमध्ये हा पर्याय ‘सिस्टम’ खालच्या रीसेटच्या पानावर असतो, आयफोनमध्ये ‘जनरल’ खाली ‘ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन’ मध्ये. याने छायाचित्रे किंवा संदेश जात नाहीत, परंतु साठवलेले सर्व वाय-फाय पासवर्ड जातात आणि अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या जोडण्याही पुसल्या जातात, म्हणून पासवर्ड आधी लिहून ठेवावेत. रीसेटनंतरही फोन घरच्या वाय-फायवर आणि दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर, दोन्हीकडे अडत असेल, तर प्रणालीचे अद्यतन बाकी आहे का ते मोबाइल डेटावरून पाहावे आणि तेही झालेले असेल तर फोन सेवा केंद्रात दाखवावा. संपूर्ण फोन पुसण्याचा सल्ला तिथे मिळाला, तर होकार देण्याआधी त्यांच्याच वाय-फायवर फोन चालतो का, हे समोर बसून पाहून घ्यावे.