डोक्याला तेल जिरवायचं कसं?

तेल ओतू नका, जिरवा. मध्यम केसांना दोन-तीन चमचे खोबरेल पुष्कळ झालं. कोल्हापुरात तालमींमुळे अंगाच्या मालिशचं कौतुक मोठं, पण डोक्याची आठवण दिवाळीच्या पहिल्या आंघोळीलाच. चरकसंहितेत डोक्याला नेमानं तेल लावणं दिनचर्येतच सांगितलंय. डोकं दुखत नाही, झोप छान लागते, असं त्यात म्हटलंय. टक्कल पडत नाही असंही म्हटलंय, पण त्या भरवशावर राहू नका!

तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा. भांग पाडत टाळूपासून सुरुवात करा. नखं नकोत, बोटांची पेरं टेकवा आणि गोल फिरवा. बोटं केसांवरून घसरत असतील तर ते नुसतं चोळणं झालं. बोटांखालची कातडी हलली पाहिजे. मग कानशिलं, कानांमागची जागा. सगळ्यात जास्त वेळ मानेच्या वर, कवटीच्या कडेखाली दोन्ही बाजूंना द्या. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसणाऱ्यांचं तिथंच आखडलेलं असतं. अंगठ्यानं हळू दाबून धरा, सोडा. दहा मिनिटं बास.

तासाभरानं धुऊन टाका. कोंडा असेल तर तेल रात्रभर ठेवू नकाच, तो वाढतो. पावसाळ्यात ओले केस बांधू नका.

आणि सलूनमध्ये चंपी झाल्यावर मान कडाकडा मोडायला कुणी हात घातला, तर सरळ 'नको दादा' म्हणा. त्या झटक्यानं मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत.